चूलबंद आवतन

लिंबाजीमामा कुणाच्याही दारात आले, की एकच चप्पल काढतात. उजवी. डावी पायातच असते. उजवा पाय पायरीवर, डावा अंगणात, एक हात चौकटीला, अशा थाटात ते चार वाक्यं बोलतात आणि चप्पल सरकवून पुढच्या घराकडे निघतात. पाणी घेत नाहीत, चहा तर नाहीच. मी एकदा त्यांना या एका चपलेचं कारण विचारलं होतं. मामा म्हणाले, "दोन्ही काढल्या तर लोक बसा म्हणत्यात. एकबी न्हाई काढली तर माजला म्हणत्यात. आपल्याला मधलं पायजे, सर."

मामांचं काम आवतन देण्याचं. पोटापाण्याचं नव्हे. पोटापाण्यासाठी ते आमच्या शाळेत शिपाई होते. सूचनेची वही वर्गावर्गांत फिरवून मास्तरांच्या सह्या घेणं त्यांना इतकं आवडायचं, की ज्या दिवशी सूचना नसेल त्या दिवशी ते हेडमास्तरांना जाऊन, आज काहीच न्हाई का, असं विचारायचे. शाळा सुटली की मामा आमच्या बाजूच्या तीन गल्ल्या आणि ओढ्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा फिरायला मोकळे. बारसं असो, लग्न असो, तेरवी असो, ज्याच्या घरी कार्य त्यानं मामांना सांगायचं आणि निर्धास्त व्हायचं. निवृत्त झाल्यावर वही गेली, पण फिरणं राहिलं. जवळा बाजार या आमच्या गावात, आमच्या बाजूला तरी आवतन म्हणजे लिंबाजीमामा, असं चाळीसेक वर्षं चालत आलेलं आहे.

या कामाचं मामांचं स्वतःचं एक शास्त्र आहे. आवतन दोन तऱ्हेचं. घरटी एक, म्हणजे उंबऱ्यामागे एका माणसानं यायचं. आणि चूलबंद, म्हणजे घरातलं तान्हं लेकरूसुद्धा आलं पाहिजे आणि त्या वेळेला त्या घरात चूल पेटता कामा नये. आता घरोघरी गॅस आहे, पण मामांच्या लेखी गॅसही चूलच. दारात उभं राहून घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं. पुण्याला कामाला गेलेल्या पोराचंही घ्यायचं, कारण तो नेमका त्याच दिवशी येऊन राहिला तर काय घ्या. तांड्यात गेलं की आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या दारी, मग बाकीच्यांकडे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सकाळचं आवतन म्हणजे नुसती वर्दी. खरं बोलावणं दुसरं. चुलीवरच्या पाण्याला आधण आलं की मामा पुन्हा एक फेरी मारतात आणि "चला" म्हणतात. त्या "चला"शिवाय आमच्याकडे कुणी जागचं हलत नाही. आपणहून गेलं तर लोक म्हणतात, भुकेला होता.

आमच्या गल्लीत दोन भाऊ आहेत. एका अंगणात मधोमध भिंत घालून राहतात आणि बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कुणाच्या दारी आधी जायचं हा मोठाच पेच. मामा भिंतीच्या टोकाला, रस्त्यात उभे राहतात आणि दोघांना एकदमच आवतन देतात. दोघे भाऊ आपापल्या दारातून, समोर बघत, व्हय म्हणतात. बारा वर्षांत त्या दोघांनी एका वेळी तोंड उघडलं असेल तर ते एवढ्यासाठीच.

मोबाईल मामांना मंजूर नाही. माझ्या भाचीची पत्रिका मला मोबाईलवर आली, ती मी कौतुकानं त्यांना दाखवली. घोडे हलत होते, सनई वाजत होती. मामांनी ती शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "आणली कुणी?" मी म्हटलं, कुणी नाही, अशीच येते. त्यावर ते म्हणाले, "मग बोलावलं कुणी?" मी मोबाईल खिशात घातला.

आता यातलं खरं कोडं असं, की हा माणूस स्वतः कुठंच जेवत नाही. दुसरी फेरी झाली, पंगती बसल्या, की मामा गायब. चहाच्या टपरीवर याबद्दल तीन मतं होती. एक म्हणायचा, त्यांचा नवस आहे. दुसरा म्हणायचा, पोटाची तकलीफ आहे. तिसऱ्याच्या मते मामांना गर्व होता, लोकांच्या पंगतीला बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मामींच्या हयातीत दोघं जोडीनं यायची, हेही लोकांना आठवत होतं. मामी जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. विचारायचं मात्र कुणी नाही, आणि त्या कुणीत मीही आलो.

अशात गेल्या वर्षी आमच्या शाळेत सिनेमा आला. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात एका बाईंकडे आवाजाचं काम करतो. मीनाक्षीताई त्यांचं नाव, मूळच्या भोपाळकडच्या. त्या स्वतःच सिनेमे काढतात. नट नाहीत, गाणी नाहीत, मोठी कंपनी नाही. कुठल्या तरी गावात पाच-सहा महिने जाऊन राहायचं आणि कॅमेरा घेऊन एका माणसामागं हिंडायचं. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. आता प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा गाडीत टाकून त्या बाजारगावांतून आपले सिनेमे दाखवत निघाल्या होत्या. शनिवार-रविवार, फुकट. पोरानं मला फोन केला आणि मी शाळेचा हॉल मिळवून दिला. त्यात माझं काही गेलं नाही, उलट जरा मान वाढेल असा माझा अंदाज होता.

फलक लावले, गावातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं. फुकट या शब्दानं घात केला. मागं एकदा अशीच फुकट पिक्चर दाखवून एक टोळी गावाला कंबरपट्टे विकून गेली होती. मला रस्त्यात जो भेटला त्यानं, बाई शेवटी काय विकणार, एवढंच विचारलं. काहीच विकणार नाही म्हटल्यावर संशय आणखी वाढला. "मग काहून दाखवून राहिली?"

शनिवारी अकरा माणसं आली. त्यात मी, बायको, हेडमास्तर, हेडमास्तर आले म्हणून आलेले दोन मास्तर, आणि पंख्याखाली झोपायला आलेले तिघे. मीनाक्षीताईंनी तरीही दोन सिनेमे पूर्ण दाखवले. नंतर वायर गुंडाळता गुंडाळता त्या माझ्याशी बोलल्या. त्यांचे सिनेमे परदेशात दाखवले गेले होते, मोठ्या शहरांत जाणकारांनी पाहिले होते. "लेकिन जिनके बारे में बनाती हूँ, वैसे लोग कभी सामने बैठे ही नहीं," त्या म्हणाल्या. आधीच्या तीन गावांत असंच झालं होतं. हे चौथं आणि शेवटचं. उद्याही असंच झालं तर सामान आवरून घरी, आणि बहुधा हे कामही बंद. हे त्या रडून नाही, हिशोब सांगावा तसं सांगत होत्या, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

दारात लिंबाजीमामा उभे होते. रिकाम्या सतरंज्या बघत होते. मला म्हणाले, "लोक काहून न्हाई आले?" मी फलक, ग्रुप, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आवतन कुणी दिलं ते विचारलं. कुणीच दिलं नव्हतं. मग त्यांनी मीनाक्षीताईंकडे मान वळवली आणि मला म्हणाले, बाईला इचारा, घरटी एक का चूलबंद.

मी विचारलं, घरातला एक माणूस हवा की सगळं घर. त्या म्हणाल्या, "सब. बच्चे, बूढ़े, सब." मामांनी पक्कं का म्हणून दोनदा विचारलं. लग्नाशिवाय चूलबंद आवतन हल्ली कोण देतं? मामांचा चेहरा उजळला. सिनेमाचं आवतन आहे, जेवणाचं थोडंच, असं मी धरून चाललो. इथं मराठीचा मास्तर चुकला.

रविवारी सकाळी सातपासून मामा फिरले. पाच वाजता शाळेत पिक्चर आहे, चूलबंद. तिन्ही गल्ल्या, भिंतवाले भाऊ, तांड्यात आधी नायक, मग सगळे. माझ्याही दारी आले, माझं, बायकोचं, दोन्ही मुलींचं नाव घेऊन गेले. साडेचारला मी घरातून निघताना बायकोनं विचारलं, "संध्याकाळी तिकडंच ना?" मी म्हटलं, तिकडंच. ती मन लावून साडीला पिना लावत होती.

पाच वाजले. हॉल रिकामा. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, पडदा ताणलेला, मीनाक्षीताई स्टेजच्या पायरीवर हाताची घडी घालून बसलेल्या. सव्वापाचला मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी रस्त्यावर आलो आणि थबकलो. सगळा गाव दारात होता. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या. मी एका म्हाताऱ्याला म्हटलं, काका, चला ना. काका म्हणाले, "येतो की. बोलावणं येऊ द्या." त्यांच्यामागं त्यांची दोन नातवंडं हातात स्टीलची ताटं घेऊन उभी होती. ती ताटं बघितली आणि मी मामांना शोधायला धावलो.

मामा शाळेच्या मागं सापडले, पाण्याच्या टाकीजवळ. दगडावर बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"सर, चूल कुठं हाय?"

मी टाकीभोवती नजर फिरवली.

"चार वाजता येऊन बघितलं. जाळ न्हाई, भांडं न्हाई. माझ्या शब्दावर आज शंभर घरच्या चुली बंद हायत. आता कोन्त्या तोंडानं चला म्हणू?" चाळीस वर्षांत या माणसाचा एक शब्द खाली पडला नव्हता, आणि तो मी पाडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीनाक्षीताई माझ्या मागोमाग आल्या होत्या. मी त्यांना सगळं समजावलं, आणि आता त्या हसतील किंवा चिडतील, या तयारीनं उभा राहिलो. त्यांनी वेगळंच विचारलं. "मतलब, सब लोग तैयार बैठे हैं? आने के लिए?" मी हो म्हटलं. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि म्हणाल्या, "तो पकाते हैं."

पुढचं सगळं पळापळीत झालं. लोकांकडून तांदूळ गोळा करावा, असं मी सुचवताच मामा माझ्यावर खेकसले. बोलावलेल्या माणसाचा शिधा घेऊन त्यालाच वाढायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तेव्हा यजमानाच्या घरून, म्हणजे माझ्या घरून, वर्षाच्या तांदळाचा कट्टा निघाला. बायको सगळ्यांदेखत, न्या की, एवढंच म्हणाली. घरी काय म्हणाली ते इथं सांगण्यासारखं नाही. देवळातले दोन मोठे हंडे आले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या दोघी पदर खोचून आल्या. परदेशात सिनेमे दाखवलेल्या बाई टाकीजवळ मांडी घालून कांदे चिरत होत्या. आणि मामा चुलीसमोर उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. कुणी काही विचारलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पाण्याला बुडबुडे फुटले, आधण आलं, तसे ते उठले, टोपी सारखी केली आणि निघाले.

वीस मिनिटांत हॉल भरला. खरोखर भरला. ताटं, तांबे, तान्ही लेकरं, काठ्या टेकत आलेली म्हातारी माणसं. तांड्याचे नायक पुढच्या सतरंजीवर, बायका डावीकडे, भिंतवाले भाऊ दोन टोकांना. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कुणी नारळ आणला होता, कुणी खण. मीनाक्षीताईंपुढं सात-आठ खण जमले तेव्हा, ये क्या है, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, आहेर आहे, ठेवून घ्या, परत केला तर राग येतो.

सिनेमा होता एका डोंगरी गावच्या म्हातारीचा. ती दोर वळायची आणि आठवड्याच्या बाजाराला नेऊन विकायची. बस, एवढंच. पहिली दहा मिनिटं तर नुसते हात दिसत होते. ही माणसं आता उठतात, असं मला वाटलं. पण आमच्याकडे केकताडाच्या, म्हणजे घायपाताच्या पानांतला वाक काढून त्या धाग्याचे दोर वळलेली पिढी अजून आहे. मागून एक आवाज आला, वाक बराबर भिजला न्हाई. दुसरा म्हणाला, भिजलाय, पण पीळ उलटा देऊन राहिली. मग दोन्ही बाजूंनी चर्चा पेटली. नायक, त्यांच्या आज्याच्या काळी बैलांच्या तांड्यावर मिठाच्या गोण्या अशाच दोरानं बांधत, असं बाजूच्याला सांगत होते. इतक्यात एक म्हातारा उभा राहिला आणि पडद्याकडे बोट करून म्हणाला, "पीळ उलटा न्हाई. बाई डावरी हाय."

मी हे मीनाक्षीताईंना सांगितलं. त्यांनी सिनेमा थांबवला, मागं नेला, तोच भाग पुन्हा लावला. सगळा हॉल श्वास रोखून त्या हातांकडे बघत होता. म्हातारी खरंच डावखुरी होती. "पाँच महीने मैं उसके घर में रही," मीनाक्षीताई म्हणाल्या, "मुझे नहीं दिखा." त्या अंधारात डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. त्यानंतर आणखी तीनदा सिनेमा थांबवावा लागला. तासाभराचा सिनेमा दीड तास चालला आणि शेवटी म्हातारीचा दोर विकला गेला तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाई काय विकणार, हे कुणीच विचारलं नाही.

मैदानात पंगती बसल्या. खिचडी तिखट झाली होती, पण तक्रार नव्हती. मीनाक्षीताई वाढत होत्या. एका पंगतीच्या टोकाला त्या थांबल्या आणि इकडेतिकडे बघायला लागल्या. मामा कुठं आहेत, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते घरी गेले असतील, ते कुठंच जेवत नाहीत. का, असं त्यांनी विचारलं. मी टपरीवरची तिन्ही मतं सांगायला सुरुवात केली. नवसाचं सांगून झालं, पोटाचं चाललं होतं, तेव्हा त्यांनी मला अडवलं.

"सबको उन्होंने बुलाया," त्या म्हणाल्या. "उन्हें किसने बुलाया?"

माझ्या हातात पाण्याचा जग होता. तो मी तिथंच कुणाच्या तरी हातात दिला.

माझ्या लग्नाचं आवतन मामांनी दिलं होतं. मुलींच्या बारशाचं, वास्तुशांतीचं, वडिलांच्या तेरवीचं. शंभर उंबरे ते माझ्यासाठी झिजवत होते, आणि त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन, मामा, तुम्हीही या, असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी एकच धरलं होतं, की त्यांना माहीतच आहे.

मारुतीच्या देवळामागं त्यांची खोली आहे. एव्हाना चांगलंच अंधारलं होतं. दार उघडं होतं. मामा आत बाजेवर बसले होते. धुतलेलं धोतर, अंगात पांढरा सदरा. कोपऱ्यातला स्टोव्ह थंड होता. मामांनी मला बघितलं आणि काही कमी पडलं का विचारलं.

मी म्हटलं, काही नाही. मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"सगळी घरं मीच करतो, सर. एक घर ऱ्हातंय," ते म्हणाले. "ही होती तव्हा तकलीफ नव्हती. मी समदं गाव फिरून आलो की ही दारात आडवी उभी ऱ्हायाची. मला म्हणायची, लिंबाजीराव, या घराला आवतन हाय, बरं का. अन् मग हसायची. मग आमी दोघं जायाचो." त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. "आता सोताच सोताला कसं म्हणायचं? बिगर बोलावता जाणं बरं न्हाई."

मीनाक्षीताई माझ्यामागं अंगणात उभ्या होत्या. मी बाहेर पायरीवर आलो, दाराकडे तोंड करून नीट उभा राहिलो. "लिंबाजीराव," मी म्हटलं, "तुमच्या घराला आज शाळेत चूलबंद आवतन आहे. पंगत बसली आहे. चला."

मामा बाजेवरून उठले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. मग म्हणाले, "फिरून एकदा म्हणा."

माझं काहीतरी चुकलं असणार, असं मला वाटलं. मी विचारलं, काय राहिलं, मामा?

"काई न्हाई. बराबर होतं," मामा म्हणाले. "आयकून लई दिवस झाले, म्हणून म्हणलं."